गोधडीच्या दोऱ्याची भिंगरी

माझ्या शिलाई मशीनच्या खणात सुट्या बटणांचा डबा आहे. सुट्टीत नातवंडं आली की आधी तो उपडा होतो. भिंगरीसाठी त्यातलं कोटाचं बटण शोधायचं, मोठं आणि जड. शर्टाचं बटण दोन गिरक्यांत दमतं. चार भोकं असतील तर दोरा तिरक्या समोरासमोरच्या दोन भोकांतून घाला. शेजारशेजारच्या भोकांतून घातलात तर बटण एका अंगाला कलतं आणि नुसतं थरथरतं.

दोरा मात्र गोधडीचाच. मशीनचा रीळ तुटतो, नायलॉन बोटाला कापतं, सुतळी स्वतःच्याच केसांत अडकते. सव्वा मीटर दोरा एका भोकातून नेऊन दुसऱ्यातून परत आणा, टोकांना गाठ मारा आणि बटण मधोमध सरकवा.

मोठं बटण नसेल तर जुन्या लग्नपत्रिका काढा. जाड कागदावर बांगडी ठेवून तीन चकत्या कापा आणि खळीने एकमेकींवर चिकटवा. मध्य शोधायला पट्टी नको. तेवढीच एक चकती साध्या कागदाची कापा, दोनदा घडी घाला, घड्या छेदतात तो मध्य. ती जाड चकतीवर नीट बसवून ठेवा. त्याच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर दाभणाने भोकं पाडा. इथे घाई केलीत की भिंगरी हबकते, मग कितीही ओढा.

आता फिरवणं. दोन्ही टोकांत मधली बोटं अडकवा, दोरा सैल सोडा आणि बटण एकाच दिशेने गोल गोल झुलवत वीस-पंचवीस पीळ भरा. हात बाजूला ओढले की पीळ सुटतो, बटण सुसाट फिरतं. पोरं चुकतात ती इथेच. ती ओढूनच धरतात, मग बटण जागच्या जागी थांबतं. पीळ संपत आला की हात सैल सोडायचे. बटण आपल्याच जोराने उलटा पीळ भरतं आणि हात आत खेचले जातात. ते पुरतं होऊ द्यायचं, मग पुन्हा ओढायचं. जमलं की कानाला कळतं, गुंऽऽई असा आवाज येतो. मला सातवीत जमलं, माझ्या धाकट्या नातीला दुसऱ्याच दुपारी!

याच खेळण्यावरून अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश यांच्या चमूने रक्तातले घटक वेगळे करणारं कागदी यंत्र बनवलं. 2017 साली ते जाहीर झालं. वजन दोन ग्रॅम, खर्च वीस सेंट, वेग मिनिटाला सव्वा लाख फेरे. वीज नको, हातच पुरतात. दीड मिनिटात रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पिवळसर पातळ द्रव, वेगळा होतो.

आमच्याकडे मात्र पहिल्याच दिवशी वेणी अडकली. केस बांधून घ्या, आणि भिंगरी तोंडापासून हातभर लांब धरा. अडकलेच तर ओढू नका. दोरा कापा, दोऱ्याचा गुंडा असतोच.