टेप लायब्ररी नव्या सर्व्हरला जोडताना: आधी ड्राइव्हचे सिरियल नंबर

दोन ड्राइव्हची, चोवीस स्लॉटची एलटीओ (बॅकअपच्या टेपचा एक प्रकार) लायब्ररी, म्हणजे स्लॉटातल्या टेपा रोबॉटनं उचलून ड्राइव्हमध्ये घालणारं यंत्र, जुन्या सर्व्हरवरून काढायची, नव्या लिनक्स सर्व्हरला लावायची आणि कमांड लाइनवरून एमटीएक्सनं चालवायची, एवढंच काम धरून हे लिहितोय. वर बॅक्युला किंवा बेरिओससारखं बॅकअपचं सॉफ्टवेअर असलं तरी खाली रोबॉट हलवायला बहुतेक ठिकाणी एमटीएक्सच असतं, त्यामुळे तिथंही हेच लागू.

केबल, पॉवर, रॅकमधली जागा यावर वेळ घालवत नाही. एमटीएक्स, एमटी-एसटी, एलएसएससीएसआय आणि एसजी३-युटिल्स ही पॅकेजेस आधीच टाकून ठेवा. ड्राइव्हला हुकूम देणारी एमटी नावाची कमांड सीपीआयओ या दुसऱ्या पॅकेजबरोबरही येते आणि तिला सगळे पर्याय कळत नाहीत, म्हणून एमटी-एसटीच हवं. लायब्ररी सर्व्हरला जोडणारं कार्ड साधं एचबीए घ्या, डिस्क एकत्र बांधणारा रेड कंट्रोलर नको. छोट्या लायब्ररीत रोबॉटला वेगळी केबल नसते, तो एका ड्राइव्हच्याच पत्त्यावर लून १ म्हणून (त्याच पत्त्यावरचं दुसरं उपकरण, मोजणी ० पासून) बसलेला असतो. कार्ड फक्त लून ० बघत असेल तर ड्राइव्ह दिसतात आणि रोबॉट कुठेच सापडत नाही. तो ड्राइव्ह बंद पडला किंवा दुरुस्तीला काढला तरीही रोबॉट गायब होतो, तेव्हा लगेच रोबॉट बिघडला म्हणून सर्व्हिसवाल्याला फोन लावू नका.

जुना सर्व्हर बंद करण्याआधी त्यावर एमटीएक्स स्टेटस चालवून निकाल कागदावर काढा. कुठल्या स्लॉटात कुठला बारकोड, हे नंतर कोणालाही आठवत नाही. दोन्ही ड्राइव्ह रिकामे करा. आणि ज्या टेपवर जपायचा डेटा आहे त्या प्रत्येकीची लेखनबंदीची कळ सरकवा. हो, प्रत्येकीची. मॅगझीन (टेपा ठेवायचा खण) बाहेर काढून हातानं करायचं कंटाळवाणं काम आहे, पण पुढच्या परिच्छेदातली गोष्ट हुकली तर ही कळच वाचवते.

ती गोष्ट अशी. एमटीएक्सचा ड्राइव्ह ० म्हणजे लिनक्सचा एनएसटी ० (लिनक्सनं टेप ड्राइव्हला दिलेलं नाव) असेलच असं नाही. पुन्हा वाचा. लायब्ररी ड्राइव्हना त्यांच्या जागेप्रमाणे क्रमांक देते. लिनक्स कर्नल मात्र जो ड्राइव्ह आधी सापडला त्याला शून्य म्हणतो, आणि आधी कोण सापडेल हे केबल कुठल्या पोर्टात आहे, कोण आधी जागा झाला यावर ठरतं. दोघांचे आकडे जुळले तर तो योगायोग. जुन्या सर्व्हरवर जुळत होते म्हणून नव्यावर जुळतील, हे मागच्या वेळी मी गृहीत धरलं. कोरी टेप ड्राइव्ह ० मध्ये गेली, टारनं (फाइली टेपवर लिहिणारी कमांड) एनएसटी ० वर लिहिलं, आणि लिहिलं गेलं ते दुसऱ्या ड्राइव्हमधल्या वार्षिक बॅकअपवर. टेपच्या सुरुवातीला थोडंसं जरी लिहिलं तरी तिथं डेटा संपल्याची नवी खूण पडते, आणि ड्राइव्ह तिच्या पुढं वाचायला तयार होत नाही. पुढचा सगळा डेटा फितीवर असून नसल्यासारखा.

म्हणून जोडल्यावर पहिलं काम जुळवणीचं. एलएसएससीएसआय (जोडलेल्या उपकरणांची यादी देणारी कमांड) जी पर्यायासह चालवा. टेप लिहिलेल्या दोन ओळी आणि मीडियमएक्स (म्हणजे रोबॉट) लिहिलेली एक ओळ दिसली पाहिजे. शेवटच्या रकान्यात एसजीचा नंबर असतो, म्हणजे उपकरणाला थेट हुकूम द्यायचं लिनक्समधलं नाव. एमटीएक्सला द्यायचा तो मीडियमएक्सच्या ओळीतला. मग दोन्ही ड्राइव्हच्या एसजीवर टेपइन्फो (एमटीएक्सबरोबरच येणारी कमांड) चालवून सिरियल नंबर लिहून घ्या आणि लायब्ररीच्या पॅनेलवर ड्राइव्हच्या माहितीत जे सिरियल आहेत त्यांच्याशी ताडून बघा. एवढ्यावर विश्वास ठेवू नका. एक कोरी टेप ड्राइव्ह ० मध्ये लोड करा, दुसरा रिकामा ठेवा, आणि दोन्ही एनएसटींवर एमटी स्टेटस विचारा. ज्याच्यात टेप आहे तो ऑनलाइन म्हणेल, रिकामा असेल तो डीआर ओपन म्हणेल. मग ड्राइव्ह १ साठी हेच. जोड्या लिहून रॅकच्या दारावर चिकटवा. (खंडेनवमीचा हार मात्र लायब्ररीला थेट घालू नका, रॅकवर घाला. झेंडूची पाकळी टेप आत-बाहेर करायच्या मेल स्लॉटातून आत गेली की मॅगझीन उपसून शोधावी लागते.)

आणि स्क्रिप्टमध्ये एनएसटी ० असं लिहायचंच नाही. युडेव (लिनक्समध्ये उपकरणांना नावं देणारा भाग) टेपच्या फोल्डरात बाय-आयडी नावाखाली सिरियल नंबरचे दुवे बनवतं. शेवटी एनएसटी असलेला दुवा घ्या. रीबूटनंतर आकडे उलटसुलट झाले तरी दुवा योग्य ड्राइव्हकडेच जातो. चेंजरचाही (म्हणजे रोबॉटचाही) दुवा तिथं मिळाला तर तोही वापरा, कारण एसजीचे नंबरही रीबूटला बदलतात.

एनएसटी आणि एसटी यांतला फरक माहीत असेलच: एसटी काम संपलं की टेप गुंडाळून सुरुवातीला नेतो, आणि पुढचं टार आधीच्यावर बसतं. एनएसटीच वापरा.

लोडची कमांड सोपी आहे: लोड, मग स्लॉट, मग ड्राइव्ह. स्लॉट १ पासून मोजतात, ड्राइव्ह ० पासून. फ्रीबीएसडी या दुसऱ्या सिस्टिमवरचं चिओ स्लॉटही ० पासून मोजतं, म्हणून तिकडून आलेली स्क्रिप्ट तशीच वापरू नका. ड्राइव्हचा आकडा दिला नाही तर एमटीएक्स शून्यच धरतं. तुम्ही मात्र आकडा द्या, दर वेळी द्या. अनलोड करतानाही आधी स्लॉट, मग ड्राइव्ह. टेप कुठून आली ते स्टेटसमध्ये दिसतं, पण लायब्ररी मधेच बंद-चालू झाली तर तिथं अननोन येऊ शकतं, आणि मग परतीचा स्लॉट तुम्हालाच सांगावा लागतो. कागद काढला होता ना? अनलोडच्या आधी एमटी ऑफलाइन द्या. अनेक नव्या लायब्ररी त्याशिवायही चालतात, काही ऐकत नाहीत आणि मूव्ह मीडियम फेल झाल्याचं सांगतात.

लोडची कमांड परतली म्हणजे टेप तयार झाली असं नाही. ड्राइव्ह फीत ओढून घेतो, ओळखतो, त्याला वेळ लागतो. स्क्रिप्टमध्ये ठोकून साठ सेकंद थांबण्यापेक्षा एमटी स्टेटस ऑनलाइन म्हणेपर्यंत विचारत राहा, आणि विचारताना बाय-आयडीचाच दुवा वापरा. चुकीच्या ड्राइव्हमध्ये दुसरी टेप असेल तर तोही खुशाल ऑनलाइन म्हणतो. एलटीओ-९ असेल तर कोरी टेप पहिल्यांदा लोड होताना ड्राइव्ह ती स्वतःशी जुळवून घेतो. साधारण चाळीस मिनिटं, कधी दोन तासही. घाबरून पॉवर काढू नका.

पिढ्या बघून घ्या. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागचं वाचायचे. एलटीओ-८ आणि ९ एकच, एलटीओ-१० तर मागचं काहीच नाही. एलटीओ-८ ड्राइव्ह एलटीओ-६ वाचत नाही. बारकोडची शेवटची दोन अक्षरं पिढी सांगतात, म्हणजे एल६, एल८. लेबल चुकीचं लावलं तर लायब्ररी गोंधळते.

सीएलएननं सुरू होणारा बारकोड क्लीनिंग टेपचा. सगळे स्लॉट ओळीनं फिरवणाऱ्या स्क्रिप्टमधून तो वगळा, नाहीतर दर फेरीत एक सफाई वाया जाते.

एमटीएक्स स्टेटस टेपा मोजत नाही, लायब्ररीला जे आठवतं तेच सांगतं. संशय आला तर इन्व्हेंटरी द्या.

ऑप्टिकल ज्यूकबॉक्स (टेपांऐवजी डिस्क हलवणारं असंच यंत्र) असेल तर बहुतेक सगळं असंच. दोन्ही बाजूंनी लिहिल्या जाणाऱ्या मॅग्नेटो-ऑप्टिकल डिस्कला लोडच्या आधी इन्व्हर्ट शब्द जोडला की दुसरी बाजू वर येते, यंत्राला ती सोय असेल तर. अनलोडच्या आधी अनमाउंट करा.

बाकी भराभर. यूजर टेप ग्रुपमध्ये. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्ये एमटीएक्सचा पूर्ण पाथ. एकाच वेळी दोन स्क्रिप्ट रोबॉटला हलवणार नाहीत म्हणून फ्लॉकचं कुलूप. जुन्या टेपला जोडून लिहायचं तर आधी एमटी ईओडी, म्हणजे टेप डेटाच्या शेवटाशी नेणारा हुकूम. बाहेरून आलेली टेप दिवसभर खोलीत ठेवूनच आत, पावसाळ्यात तर नक्कीच. शेवटी एका जुन्या टेपवरून खरोखर रिस्टोअर करून बघा, नुसती यादी वाचून नव्हे.

मग सर्व्हर मुद्दाम रीबूट करा आणि कोऱ्या टेपनं दोन्ही ड्राइव्हची जुळवणी परत तपासा. ड्राइव्ह बदलला तरी परत, केबल हलवली तरी परत. दारावरचा कागद आणि बाय-आयडी जुळले की मगच लेखनबंदीच्या कळा सोडा, आणि त्याही फक्त ज्या टेपांवर आज लिहायचं आहे त्यांच्या.