उन्हाळ्यात ईथरची बाटली उघडण्याआधी

डायइथाइल ईथर, म्हणजे प्रयोगशाळेत नुसतं ‘ईथर’ म्हणतात ते द्रावक, ३४.६ अंश सेल्सिअसला उकळतं. अकोला, जळगाव, चंद्रपूर या भागांत एप्रिल-मेच्या दुपारी प्रयोगशाळेतला पारा याच्या वर असतो, आणि प्रात्यक्षिक परीक्षा, प्रोजेक्टची घाई हे सगळं नेमकं याच दिवसांत येतं. पुस्तकात ‘खोलीच्या तापमानाला द्रव’ असं लिहिलेलं असतं, ते थंड मुलखातल्या खोलीबद्दल. आपल्याकडे मे महिन्यात ईथर म्हणजे बाटलीत कोंडलेला वायू समजा आणि सगळी तयारी झाकण फिरवण्याआधीच संपवा. पुढची यादी बियांमधलं तेल किंवा धान्यातली चरबी सॉक्सलेट (ईथर पुन्हापुन्हा उकळवून नमुन्यावर सोडणारं काचेचं उपकरण) लावून काढणाऱ्यांसाठी आहे, कारण महाविद्यालयांत ईथर सर्वांत जास्त तिथेच लागतं.

आधी ईथर लागणारच आहे का, ते ठरवा. पद्धतीत पेट्रोलियम ईथर चालत असेल तर उन्हाळ्यात ६०-८०चं, म्हणजे ६० ते ८० अंशांदरम्यान उकळणारं घ्या. तेही झटकन पेटतं, पण उशिरा उकळतं आणि त्यात पेरॉक्साइड, म्हणजे स्फोटक संयुगं, होण्याची भीती जवळजवळ नसते. डायइथाइल ईथरच हवं असेल तर प्रयोग सकाळी लवकर लावा आणि दुपारी बारापर्यंत उरकेल एवढेच नमुने घ्या. परीक्षेचं वेळापत्रक आडवं येत असेल तर विभागप्रमुखांशी बोलून ते बदलून घ्या. ही मागणी करायला संकोच वाटू देऊ नका.

मग बाटली बघा, न उघडता. लेबलवर ‘सॉल्व्हंट ईथर’ असं नाव असेल तर तेच हे. बाटली कधी आली आणि कधी उघडली, या दोन तारखा पेनाने लिहिलेल्या असायला हव्यात. उघडून सहा महिने होऊन गेलेली बाटली वापरू नका, सीलबंद बाटली वर्षाच्या आत संपवा. हवा आणि उजेड लागला की ईथरमध्ये हळूहळू पेरॉक्साइड तयार होतात, आणि ते धक्क्याने किंवा उष्णतेने फुटतात. झाकणाच्या आट्यांत किंवा तळाशी स्फटिक दिसले, बाटलीवर तारीखच नसली, किंवा ती कपाटाच्या मागच्या बाजूला वर्षानुवर्षं पडून असली, तर तिला हात लावू नका. हलवून पाहू नका, झाकण सैल आहे का तेही तपासू नका. खोली बंद करा आणि जबाबदार शिक्षकांना सांगा. ती बाटली हलवणं प्रशिक्षित माणसांचं काम आहे.

तारखेत बसणारी बाटलीसुद्धा तपासल्याशिवाय वापरू नका. परीक्षानळीत एक मिलिलिटर ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्ल घ्या, त्यात चिमूटभर पोटॅशियम आयोडाइड टाका आणि एक मिलिलिटर ईथर मिसळा. शेजारी ईथर न घातलेली दुसरी नळी ठेवा म्हणजे रंग ताडता येईल. पिवळेपणा आला तर पेरॉक्साइड आहेत, तपकिरी झालं तर भरपूर आहेत. रंग आला की त्या दिवसाचा प्रयोग थांबवा. सॉक्सलेटमध्ये ही चाचणी टाळून चालतच नाही, कारण शेवटी आपण ईथर उडवून फक्त चरबी मागे ठेवतो. ईथर उडतं, पेरॉक्साइड मात्र मागेच राहतात आणि तळाशी दाट होत जातात.

बाटली घरगुती फ्रिजमध्ये ठेवू नका. त्याच्या थर्मोस्टॅटची आणि दिव्याच्या बटणाची ठिणगी आत साठलेल्या वाफेला पुरते. ठिणगी न पडणारा खास फ्रिज नसेल तर सावलीची, हवेशीर, थंड खोली बरी. उघडण्यापूर्वी अर्धा तास बाटली बर्फाच्या टबात उभी करा. थंड बाटलीचं झाकणसुद्धा फ्यूम हूडमध्ये (वाफ बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात), सावकाश, तोंड आपल्यापासून दूर धरून फिरवा.

आता खोलीकडे वळा. ईथरची वाफ हवेपेक्षा अडीच पट जड असते. ती वर जात नाही, टेबलावरून खाली ओघळते, फरशीवर पसरते, बेसिनच्या नळीत आणि टेबलाखाली साचते. १०० मिलिलिटर ईथर सांडलं तर त्याची जवळपास २५ लिटर वाफ होते. हवेत १.९ टक्के वाफ असली तरी मिश्रण पेटू शकतं, म्हणजे तेवढ्या वाफेने साधारण १३०० लिटर हवा पेटण्याजोगी होते. मोठ्या कामाच्या टेबलाखालची सगळी जागा यात आली. पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण साडेसात टक्क्यांच्या वर गेलं की ती पेटत नाही, ईथरची मात्र ३६ टक्क्यांपर्यंत पेटते. त्यामुळे केवळ तुमच्या टेबलावर बर्नर नाही एवढं पुरेसं नाही. पलीकडच्या टेबलावरचा स्पिरिट दिवा, खालच्या सॉकेटमधली सैल पिन, कोपऱ्यातलं सेंट्रिफ्यूज, शेजारच्या खोलीतलं गॅसचं बटण, सगळं बंद करा. गरम प्लेट तर मुळीच नको. ईथरला पेटायला ज्योतही लागत नाही, १६० ते १८० अंशांचा तापलेला पृष्ठभाग पुरतो.

तापवायला गरम पाण्याचं पात्र घ्या आणि ते जॅकवर ठेवा, म्हणजे एका फिरकीत खाली घेता येईल. यावर माझा विशेष आग्रह आहे. फ्लास्कमध्ये चिनी मातीचे तुकडे तापवण्याआधीच टाका. तापलेल्या ईथरमध्ये ते टाकले तर सगळं एकदम उसळून वर येतं.

कंडेन्सरचं, म्हणजे वाफ थंड करून परत द्रव करणाऱ्या नळीचं, पाणी हाताला लावून बघा. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी सहज चाळिशीला पोचतं, आणि चाळीस अंशांच्या पाण्याने ३४.६ला उकळणारं ईथर थंड होणारच नाही. ती वाफ कंडेन्सरच्या वरच्या तोंडातून सरळ खोलीत येईल. म्हणून टबात बर्फाचं पाणी आणि त्यात कूलरचा छोटा पंप, ही आपल्याकडची जुनी व्यवस्था उत्तम आहे. फक्त पंपाची पिन हूडपासून लांब आणि उंचावरच्या सॉकेटमध्ये लावा, नळ्या तारेने आवळा आणि जास्तीचा बर्फ आणून ठेवा.

लाइट गेली तर काय, हे आधी बोलून ठेवा. एक्झॉस्ट बंद पडतो, पंप बंद पडतो, पण तापलेलं पाणी ईथर उकळवतच राहतं. त्या क्षणी एकाने जॅक खाली घेऊन पात्र बाजूला करायचं, बाकीच्यांनी बाहेर पडायचं आणि बाहेरचा मेन स्विच बंद करायचा. नाहीतर लाइट परत आली की साचलेल्या वाफेत सगळी बटणं एकदम चालू होतात.

कपडे सुती घाला. नायलॉन-पॉलिस्टरच्या घर्षणाने पडणारी ठिणगीही ईथरला पुरते. ओढणी, पदर, केस बांधून घ्या, बंद चपला आणि चष्मा हवाच. पातळ नायट्राइल हातमोज्यांतून ईथर काही मिनिटांत आरपार जातं, शिंतोडे उडाले की लगेच बदला. डोकं जड वाटलं, गुंगी आली तर मोकळ्या हवेत या. १८४६ साली बॉस्टनमध्ये शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला याच वाफेने बेशुद्ध केलं होतं. एकट्याने काम करू नका.

आग विझवायला कार्बन डायऑक्साइड किंवा ड्राय पावडरचं सिलिंडर दाराजवळ असावं, पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते बघा. पाण्याचा फवारा मारू नका, ईथर पाण्यावर तरंगून आग पसरवतं. फ्लास्कच्या तोंडाशी छोटी ज्योत दिसली तर झाकण ठेवा. त्यापलीकडे काही असेल तर सगळे बाहेर आणि १०१ ला फोन.

प्रयोग संपल्यावर घाई होते, तेव्हा ही शेवटची गोष्ट आधीच ठरवा. चरबीचा फ्लास्क वजनासाठी ओव्हनमध्ये जातो, आणि त्यात ईथर शिल्लक असेल तर तापलेल्या कॉइलशी त्याची गाठ पडते. हूडमध्ये, कोमट पाण्यावर, ईथर पूर्ण उडू द्या. नाक लावून वास घेऊ नका. थोड्या वेळाच्या अंतराने दोनदा वजन करा, फरक पडत असेल तर अजून थांबा. गोळा झालेलं ईथर बेसिनमध्ये ओतू नका, तारीख लिहिलेल्या वेगळ्या बाटलीत, थोडी जागा मोकळी सोडून भरा. वापरलेला थिंबल (नमुना भरायची कागदी नळी) कचऱ्याच्या डब्यात टाकण्याआधी रात्रभर चालू हूडमध्ये ठेवा, आणि शिपाईमामांना सांगून ठेवा की सकाळपर्यंत एक्झॉस्टचं बटण बंद करायचं नाही.