७.३ पॉवरस्ट्रोक: चिप बसवली आणि ट्रक स्टार्ट होईना

फोर्डच्या १९९४ ते २००३ च्या ७.३ लिटर पॉवरस्ट्रोक डिझेल इंजिनाच्या ट्रकमध्ये ट्यूनिंग चिप (इंजिनाची सेटिंग बदलणारा छोटा सर्किट बोर्ड) इंजिन कॉम्प्युटरच्या मागच्या जे-३ पोर्टवर (चिप जोडायच्या जागेवर) बसते. ती नीट लागली नाही तर ही लक्षणं दिसतात: चावी फिरवूनही ‘वेट टू स्टार्ट’चा (स्टार्ट करण्याआधी थांबा, असं सांगणारा) डॅशबोर्डवरचा दिवा लागत नाही, स्टार्टर नुसताच फिरतो, किंवा खड्ड्यात दणका बसला की इंजिन बंद. आधी कॉम्प्युटरचा फ्यूज बघा. तो शाबूत असेल तर दोन्ही बॅटऱ्यांची निगेटिव्ह सोडवून चिप काढा, मग बॅटऱ्या जोडून स्टार्टर मारा. गाडी सुरू झाली, तर बहुतेक वेळा चिप नाही, पोर्टच दोषी. नवी चिप मागवायची घाई नको.

पोर्टच्या धातूच्या पट्ट्यांवर कारखान्यातूनच संरक्षक लेप असतो. तो राहिला की कॉन्टॅक्ट अर्धवट लागतो. साफ करण्याआधी पुन्हा दोन्ही बॅटऱ्यांची निगेटिव्ह काढा (एकीने भागत नाही). करंट चालू असताना चिप काढली-घातली तर ती जळू शकते. मग दोन्ही बाजूंच्या पट्ट्या भांड्याच्या हिरव्या घासणीने हलक्या हाताने, स्वच्छ चमक येईपर्यंत घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपर अजिबात नको, पट्टीच उडते. चिप सरळ, शेवटपर्यंत दाबा. तिरकी बसली तर पुन्हा तेच.