मालिका चालू असताना नाटक कसं टिकवायचं

पहिली मालिका मिळाली की नाटकातल्या मुलामुलींचे मला फोन येतात. आनंद असतोच, पण दुसऱ्याच वाक्याला आवाज खाली येतो. "ताई, नाटक सोडावं लागेल का?" सोडू नका. मी ठाण्यात चरईत राहते, आणि गेली सोळा वर्षं एकीकडे नाटक, एकीकडे मालिका असंच चाललंय. आधी आत्या केल्या, मग मोठी जाऊ, आता सासू. दोन्ही जमतं. मात्र त्याची बोलणी अगदी सुरुवातीलाच करावी लागतात.

आधी दोन्हीकडचं वेळापत्रक समजून घ्या, कारण सगळी ओढाताण तिथेच आहे. नाटकाचा व्यवस्थापक नाट्यगृहाच्या तारखा कितीतरी आधी घेऊन ठेवतो. जाहिरात जाते, बुकिंग उघडतं, लोक तिकिटं काढून बसतात. मालिकेचं बरोबर उलटं. आठवड्याला सहा भाग, अर्ध्या तासाच्या एका भागात साधारण २२ मिनिटांचा मजकूर लागतो, आणि उद्याचा कॉल टाइम, म्हणजे सेटवर पोचायची वेळ, आज संध्याकाळी कळतो. सीन तर कधी मेकअपच्या खुर्चीत बसल्यावर हातात पडतो. भागांची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेल्या भागांचा साठा, शिल्लक आहे तोवर सगळं सुरळीत चालतं. बँक संपली की "आजचा दिवस ॲडजस्ट करा ना" सुरू होतं.

म्हणून सही करण्याआधी ईपीच्या, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरच्या, हातात प्रयोगांच्या तारखांची यादी द्या. तोंडी सांगू नका. तारीख, नाट्यगृह, प्रयोगाची वेळ, आणि सेटवरून किती वाजता निघायचं, असे चार रकाने करा आणि करारात तसा उल्लेख करून घ्या. "शनिवार-रविवार माझं नाटक असतं" हे वाक्य फार मोघम आहे, त्याचा कुणाला उपयोग होत नाही. दर महिन्याला नवी यादी पाठवा आणि आदल्या दिवशी शेड्यूल लावणाऱ्या असिस्टंटला पुन्हा आठवण करा. तो मुलगा बिचारा पन्नास जणांच्या वेळा जुळवत असतो.

हे मी शिकले ते एका प्रयोगामुळे. शूटिंग घोडबंदर रोडला, रात्री ८.३० चा प्रयोग गडकरी रंगायतनला. "साडेचारला सोडतो" असा शब्द मिळाला होता. मग एक सीन वाढला, मग जनरेटर बंद पडला, मग "फक्त तुमचा क्लोज राहिलाय", म्हणजे चेहऱ्याचा जवळून घेतलेला शॉट. सुटले तेव्हा सव्वासात झाले होते. गाडीत बसून पदर पिनअप केला, मानपाड्याच्या सिग्नलला टिकली बदलली. तिसरी घंटा ९.१० ला झाली. प्रेक्षक काही बोलले नाहीत, नाटक रंगलंही. पण शेवटच्या प्रवेशात, माझं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य यायच्या आधी, तिसऱ्या रांगेतलं एक वयस्कर जोडपं हळूच उठलं. वाकून, कुणाला त्रास नको म्हणून खुर्च्यांना धरत धरत बाहेर गेलं. नंतर डोअरकीपरने सांगितलं, बदलापूरचे होते, गाडी चुकली असती. त्या दोन रिकाम्या खुर्च्यांकडे बघत मी ते वाक्य म्हटलं.

तेव्हापासून मी "लवकर सोडा" म्हणत नाही, सीन कसे लावायचे ते सांगते. प्रयोगाच्या दिवशी माझे सीन सकाळी लावा. मास्टर, म्हणजे पूर्ण सीनचा एकत्र शॉट, झाला की माझे क्लोज आधी घ्या. समोरच्या कलाकाराच्या क्लोजला क्यू, म्हणजे माझी वाक्यं, असिस्टंट देईल. मात्र हे त्या कलाकाराला आपण स्वतः जाऊन विचारायचं. तुम्ही समोर नसताना भिंतीकडे बघून रडायचं असतं त्याला. पुढच्या वेळी त्याच्या क्लोजला थांबा, आपले नसले तरी सगळे क्यू मन लावून द्या. सेटवर ही देवाणघेवाण कुठे लिहिलेली नसते, पण सगळे लक्षात ठेवतात.

आता रस्ता. घोडबंदरहून गडकरीला यायचं तर ८.३० साठी ५ ला निघा. गायमुखापासून कापूरबावडीपर्यंत अवजड गाड्या कधी अडकवतील याचा भरवसा नाही. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात प्रयोग असेल तर थोडी उसंत मिळते. ते हिरानंदानी मेडोजला, म्हणजे मानपाड्याहून आत वळलात की झालं, माजिवड्यापर्यंत यावंच लागत नाही. वाशीला विष्णुदास भावेला प्रयोग असेल तर ठाण्यापर्यंत गाडीने या आणि तिथून सरळ वाशी लोकल धरा. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत अर्ध्या तासात पोचता. शिवाय त्या अर्ध्या तासात नाटकातली वाक्यं एकदा म्हणून होतात. खिडकीकडे तोंड करून, ओठातल्या ओठात, भराभर, भावना न घालता. मालिकेची वाक्यं संध्याकाळपर्यंत विसरली तरी चालतात, डोकं त्यांना जागा देतं आणि काढूनही टाकतं. तीन आठवड्यांनी नाटकाकडे वळलात की तीच सवय आड येते. म्हणून दोन प्रयोगांत दहा दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं, तर प्रयोगाआधी सहकलाकारांबरोबर एकदा तरी पूर्ण नाटक बसून म्हणा.

आवाजाबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय. शूटिंगला लेपल माइक छातीवर असतो. कुजबुजलात तरी चालतं, उलट तेच हवं असतं. त्याने वाक्याचा शेवट सोडून द्यायची सवय लागते. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं आणि "नाही" तर त्याच्याही नंतर. "मी त्या घरात परत जाणार नाही." यातला "नाही" गळला की बाल्कनीतल्या माणसाला ऐकू येतं, "मी त्या घरात परत जाणार." नाटकच उलटं झालं! माझ्याबाबतीत हे आमच्या प्रकाशयोजनेच्या दादांनी पकडलं. ते मागे बूथमध्ये बसतात. मध्यंतरात आले आणि म्हणाले, "बाई, आज तुम्ही सगळ्याला हो म्हणताय."

यावर मी एक गोष्ट करते. प्रयोगाआधी तासभर नाट्यगृहात पोचायचं, सेट लागत असताना रंगमंचाच्या मध्यावर उभं राहायचं आणि बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत कुणालातरी बसवायचं. बॅकस्टेजचा मुलगा, चहावाला, कुणीही चालेल. त्याला नाटकातली पाच वाक्यं सांगायची आणि प्रत्येकाचा फक्त शेवटचा शब्द परत म्हणायला लावायचा. ओरडायचं नाही. श्वास वाक्याच्या सुरुवातीला खर्च न करता शेवटच्या दोन शब्दांसाठी राखून ठेवायचा. पाचही शब्द बरोबर परत आले की मेकअपला बसा. सोमवारी सेटवर गेलात की उलटं करा. पहिल्या रिहर्सलला साउंडवाल्याला विचारा, "जास्त होतंय का?" तो खरं सांगतो.

कंटिन्युइटीकडे, म्हणजे एका सीनमधला अवतार पुढच्या शूटिंगला तसाच दिसण्याकडे, दुर्लक्ष करू नका. नाटकात मी पांढऱ्या केसांची, मालिकेत काळ्याभोर अंबाड्याची. केस कापणं, नखं रंगवणं, लग्नाची मेंदी, सगळं दोन्हीकडे विचारून. सीन अर्धवट सोडून निघत असाल तर स्वतःच्या फोनमध्ये फोटो काढा. बांगड्या किती, मंगळसूत्र पदराच्या आत की बाहेर, टिकली केवढी. असिस्टंटकडे फोटो असतो, तरी आपलाही असावा.

पैशांचं थोडक्यात. नाटकाची नाइट, म्हणजे त्या प्रयोगाचं मानधन, बहुतेक वेळा प्रयोगानंतर पाकिटात मिळते. मालिकेचं मानधन दिवसाच्या हिशोबाने ठरतं आणि हातात यायला तीन महिने सहज जातात, तेही १० टक्के टीडीएस कापून. तेव्हा पहिल्या तीन महिन्यांचा घरखर्च आधी बाजूला ठेवा. किती दिवस काम केलं ते डायरीत रोज लिहा, कॉल टाइम आणि सुटल्याची वेळ दोन्ही. मालिका तुम्ही धरलेल्या हिशोबापेक्षा लवकर बंद होऊ शकते, म्हणून तिच्या भरवशावर हप्ते वाढवू नका.

इतकं करूनही एखादी तारीख जुळणारच नाही. अशा वेळी निर्मात्याला लगेच सांगा, प्रयोगाच्या आठवड्यात नको. प्रयोग रद्द करायला लावू नका, रिप्लेसमेंट द्या. आपली भूमिका दुसऱ्या कुणी करायची, याचा त्रास होतो. मला फार झाला. तरीही ती मुलगी चांगली उभी राहिली पाहिजे, हे आपलं काम आहे. वाशीच्या प्रयोगाआधी मी तिला दोन संध्याकाळ घरी बोलावलं. वाक्यं तिची पाठ होती, हालचाली नव्हत्या. माझ्या वहीत प्रत्येक प्रवेशाच्या बाजूला खुणा असतात, ती वहीच तिला दिली. त्यात लिहिलंय की दुसऱ्या अंकात ताट उचलून वळताना डावीकडून वळ, उजवीकडे विंगेत लाइटची केबल असते. मुलाचा हात झटकल्यावर लगेच बोलू नकोस, लोक रडत असतात, त्यांना ऐकू येणार नाही. चार मोज आणि मग बोल.

प्रयोग संपल्यावर रात्री पावणेबाराला तिचा फोन आला. म्हणाली, "ताई, मी सहा मोजले." वही अजून तिच्याकडेच आहे.