थकवून झोप येत नाही: रेंगाळलेल्या दुखण्यातल्या रात्री

ताप उतरून महिने लोटले, तरी अंगात त्राण नाही आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. अशा माणसाला घरोघरी एकच सल्ला मिळतो: ‘दिवसा जरा हातपाय हलव, दमलीस की आपोआप झोपशील.’ धडधाकट माणसाला तो लागू पडेल. कोविड, चिकनगुनिया, डेंग्यू यांच्यानंतर रेंगाळणाऱ्या दुखण्यात मात्र दमणूकच अनेकांची झोप उडवते. माझ्या धाकट्या जावेला कोविडनंतर हेच झालं. तिचं पथ्यपाणी मी सांभाळते, म्हणून हे लिहिते आहे.

आधी वही करा. दिवसभरात काय केलं आणि रात्र कशी गेली, एवढंच लिहायचं. तिच्या वहीतलं एक पान असं आहे: ‘रविवार: रामबागेत हळदीकुंकू, बराच वेळ उभी. सोमवार: बरी. सोमवार रात्र: छातीत धडधड, अंग मोडून आलंय पण झोप नाही. मंगळवार: उठवत नाही.’ श्रमाची किंमत लगेच वसूल होत नाही. बहुतेकदा बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी त्रास उफाळतो, त्यामुळे कारण लक्षातच येत नाही. वही लिहिली की ते उघडं पडतं.

मग कामं फोडायची. भाजी बसून चिरायची, आंघोळीला स्टूल घ्यायचं, केस धुवायच्या दिवशी स्वयंपाक दुसऱ्यानं करायचा. बरं वाटतंय म्हणून साठलेली कामं उरकायला घेऊ नका. घरच्यांनीही तिला त्यासाठी भरीस घालू नये, हे मी हात जोडून सांगते. पाहुणे आले की रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात न्यायचं हा आमच्या इंदूरचा रिवाज. ती जात नाही. भुट्ट्याचा कीस तिच्यासाठी बांधून आणतो, तोही लवकर, कारण रात्री उशिरा पोट भरलं की झोप आणखी लांबते.

झोपायची वेळ हातात नसते, उठायची ठरवता येते. आमच्या गल्लीत सकाळी कचरागाडी गाणं वाजवत येते; तीच वेळ धरली. उठून गॅलरीत उजेडात खुर्ची टाकून बसायचं, चालायला जायचं नाही. सकाळच्या उजेडानं शरीराचं घड्याळ जागेवर यायला मदत होते. त्रास उफाळलेल्या दिवशी मात्र हा नियम बाजूला ठेवा, पडू द्या तिला.

चहा दुपारच्या जेवणानंतर बंद. त्यातल्या कॅफिनचा निम्मा भाग साधारण पाच तासांनीही अंगात असतो, म्हणजे चारच्या चहाचा हिशेब नऊ वाजताही चालूच. दुपारी तीनच्या आत अर्धा तास पडदे ओढून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून आडवं व्हायचं. झोप लागली नाही तरी ती विश्रांतीच आहे.

रात्री धडधडीनं जाग येत असेल, उभं राहिल्यावर गरगरत असेल, तर दिवसा नाडी मोजा. पाच-दहा मिनिटं आडवं राहून एकदा, मग उभं राहून दहा मिनिटं अधूनमधून. सोबत कुणीतरी हवंच. चक्कर आली तर लगेच बसवा. मोठ्या माणसात ठोके मिनिटाला ३० किंवा जास्त वाढून तसेच राहत असतील, तर आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. अशा वेळी काहींना पाणी आणि मीठ वाढवायला सांगतात, पण रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असेल तर ते घातक ठरू शकतं. न विचारता करू नका.

डॉक्टरांकडे जाताना, एम.वाय. या सरकारी रुग्णालयाची ओपीडी असो की खासगी दवाखाना, रांगेत दुसऱ्यानं उभं राहावं आणि रुग्णानं बसावं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड, बी-१२ आणि साखर यांबद्दल विचारा. रात्री पाय स्वस्थ राहत नसतील तर लोह कमी असू शकतं. मोठ्यानं घोरणं, मध्येच श्वास अडकणं दिसलं, तर ते पाहणाऱ्यानं स्वतः सांगावं, झोपलेल्याला ते कळत नाही. स्टेरॉइड चालू असेल तर ती गोळी सकाळी घेता येईल का, हे विचारा. झोपेसाठी सीबीटी, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायची गोळ्यांशिवायची थेरपी, सुचवली तर घ्यावी, चांगली असते. पण तिच्यात अंथरुणातले तास कमी करतात, म्हणून श्रमानंतर त्रास उफाळतो हे आधीच सांगा.

शेजारणीच्या पाकिटातली अल्प्राझोलमसारखी झोप आणणारी गोळी घेऊ नका. सवय लागते, आणि श्वास अडकणाऱ्याला धोका वाढतो.

घामानं कपडे भिजणं, वजन उतरणं, पुन्हा ताप येणं हे जुन्या दुखण्याच्या खाती टाकू नका, तपासून घ्या. छातीत दुखलं किंवा आडवं होताच धाप लागली तर त्याच रात्री दवाखाना गाठा. आणि जागरणांनी जीव नकोसा झाल्याचं ती बोलली, तर तिला एकटं ठेवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही चालतो, फुकट आहे. फोन तुम्ही लावून द्या.