फ्रान्सची जुनी चांदीची नाणी ओळखावीत कशी, जमवावीत कशी

फ्रान्सची जुनी चांदीची नाणी ओळखायला फ्रेंच येण्याआधी घरात वजनकाटा हवा. २८ मार्च १८०३ च्या कायद्याने फ्रँकची व्याख्याच वजनात बांधली: एक फ्रँक म्हणजे ९०० कसाची पाच ग्रॅम चांदी. हजारात नऊशे भाग चांदी, बाकी तांब्याचं हीण. त्यामुळे दोन फ्रँक दहा ग्रॅमचे, पाच फ्रँक पंचवीस ग्रॅमचे. आपला राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे जुना एक तोळा. पाच फ्रँकचं नाणं त्याच्या दुपटीहून जड. एकदा हातात घेतलं की तो भार विसरत नाही.

जवळ ठेवा: ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, व्हर्निअर कॅलिपर, दहापट भिंग आणि लोहचुंबक.

१. वजन आणि व्यास

पाच फ्रँक (१७९५ ते १८७८): २५ ग्रॅम, ३७ मिमी, ९०० कस. एक आणि दोन फ्रँकचा कस १८६६ पासून ८३५ वर आला, वजन मात्र तेच राहिलं. इथे काट्यावर फरक दिसत नाही, साल पाहावं लागतं. पहिल्या महायुद्धानंतर ही छोटी चांदीची नाणी १९२० मध्ये थांबली. १९२९ ते १९३९ ची दहा आणि वीस फ्रँकची नाणी अनुक्रमे १० आणि २० ग्रॅमची, पण कस फक्त ६८०. पुढे १९६० ते १९६९ चं पाच फ्रँक: १२ ग्रॅम, २९ मिमी, ८३५ कस.

२. चित्रावर विश्वास ठेवू नका

नवे संग्राहक सर्वांत जास्त इथेच फसतात. ऑस्कर रोतीने घडवलेली ‘सेमोझ’, म्हणजे उगवत्या सूर्यासमोर बी पेरत चाललेली स्त्री, १८९७ पासून चांदीवर आली. तेच चित्र १९६० नंतरच्या एक फ्रँकवरही आहे, पण ते नाणं निकेलचं आहे आणि चुंबकाला चटकन चिकटतं. पाच फ्रँकचं तर आणखी अवघड: १९६९ पर्यंत चांदी, १९७० पासून दहा ग्रॅमचं साधं नाणं, छाप तीच. कड पाहा. चांदीच्या नाण्याच्या कडेवर उठावाची अक्षरं असतात, नंतरच्याच्या कडेवर नुसते दाते. तसंच पिएर त्युरँ या शिल्पकाराने घडवलेलं १९२९ चं दहा फ्रँक १९४५ पासून त्याच चित्रासह तांबे-निकेलमध्ये निघालं. ते २६ मिमीचं, चांदीचं २८ मिमीचं.

३. साल आणि अक्षर वाचा

‘आँ १२’ असं काही दिसलं तर ते क्रांतीच्या पंचांगातलं वर्ष. ते पंचांग २२ सप्टेंबर १७९२ पासून मोजलं जातं, म्हणून ‘आँ १२’ म्हणजे १८०३-०४. १८०६ च्या १ जानेवारीपासून नेहमीची सालं परतली. १८०७ च्या नाण्यावर एका बाजूला ‘सम्राट नेपोलियन’ आणि दुसऱ्या बाजूला ‘फ्रेंच प्रजासत्ताक’ दिसलं तर नाणं खोटं समजू नका. ‘साम्राज्य’ हा शब्द १८०९ पासून आला.

जुन्या नाण्यांवर तारखेजवळचं छोटं अक्षर टांकसाळीचं: ए पॅरिस, बीबी स्ट्रासबुर्ग, के बोर्दो, डब्ल्यू लील. एकाच सालाची किंमत या अक्षरावरून कितीतरी बदलते. १९१४ मध्ये जर्मन फौजा पॅरिसजवळ येत असताना दक्षिणेकडच्या कास्तेलसाराझँ गावी नाणी पाडली गेली. त्यातलं ‘सी’ अक्षराचं एक फ्रँक पन्नास हजारांहूनही कमी निघालं. असं नाणं कोणी समोर ठेवलं तर ते अक्षर मागाहून चिकटवलेलं नाही ना, हे भिंगाखाली नीट पाहा.

४. खरं-खोटं

पाच फ्रँकची कड हा उत्तम साक्षीदार. नेपोलियन आणि पुढच्या प्रजासत्ताकाच्या नाण्यांवर ‘देव फ्रान्सचं रक्षण करो’ अशा अर्थाची फ्रेंच अक्षरं असतात. लुई अठरावा, शार्ल दहावा आणि लुई-फिलिप यांच्या नाण्यांवर राजासाठी लॅटिन प्रार्थना. कडेवर नुसते दाते दिसले तर सोडून द्या. मग नाणं डाव्या आणि उजव्या कडेला धरून, वरचं टोक खाली येईल असं उलटा. दोन्ही बाजू सरळ दिसायला हव्यात, फ्रँकच्या नाण्यांची ठेवण तशीच होती.

शंका उरली तर पाण्याची परीक्षा घ्या. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा, नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकवू नका. काट्यावर दिसेल त्या आकड्याने नाण्याच्या वजनाला भागा. ९०० कसाची चांदी १०.३ च्या आसपास उत्तर देते, तांबे-निकेल ८.९.

५. खरेदी आणि जपणूक

फ्रेंच विक्रेते दर्जा ‘टीबी’, ‘टीटीबी’, ‘सुप’ असा चढत्या क्रमाने लिहितात. ‘टीबी’चा शब्दशः अर्थ ‘फार सुंदर’, पण प्रत्यक्षात ते बऱ्यापैकी झिजलेलं नाणं असतं. शब्दावर भुलून जास्त पैसे मोजू नका.

नाणं कधीही चिंच, राख किंवा पॉलिशने घासू नका. काळपट झाक हा दोष नाही. घासलेल्या नाण्याला मात्र जाणकार हात लावत नाही. पीव्हीसीच्या पाकिटांत चांदीवर हिरवट चिकटा धरतो, ती टाळा.

सुरुवात १९६५ ते १९७३ च्या दहा फ्रँकपासून करा. ती चांदीच्या भावाच्या आसपास मिळतात. त्यावर ओगुस्तँ द्युप्रेचा हर्क्युलिस आहे, तोच जो १७९५ च्या क्रांतिकाळातल्या पाच फ्रँकवर होता. वजन २५ ग्रॅम, व्यास ३७ मिमी, कस ९००, सगळं तेच. पुढे कधी ते जुनं नाणं मिळालं की दोन्ही शेजारी ठेवा आणि कडेवरची अक्षरं वाचा: जुन्यावर ‘राष्ट्राची हमी’ असं लिहिलेलं आहे.