मुलाचा अभ्यास घेताना या चुका टाळा: पहिली ते चौथीच्या पालकांसाठी

नाशिकमधील सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यातील पाळी संपवून घरी आलेला पालक मुलाची वही उघडतो, चुकलेले गणित पाहतो, खोडरबर मागतो आणि बरोबर उत्तर लिहून घेतो. दुसऱ्या दिवशी शिक्षकांसमोर येणारी वही स्वच्छ असते आणि मुलाला वजाबाकी आलेली नाही, ही गोष्ट शाळेला आणखी काही दिवस कळत नाही. प्राथमिक वर्गांतील मुलांना घरून मिळणाऱ्या मदतीत ज्या गफलती होतात, त्यांतील बहुतेकींचे मूळ इथेच आहे. हेतू चांगला असतो, वेळही काढलेला असतो, पण चूक कशी झाली हे पाहण्याआधीच ती पुसली जाते.

उत्तर पुसण्याची घाई

५२ मधून २७ वजा करताना दुसरी-तिसरीतील पुष्कळ मुले ३५ असे उत्तर लिहितात. हे उत्तर निष्काळजीपणाने आलेले नसते. मोठ्या संख्येतून लहान संख्या जाते एवढे मुलाला पक्के ठाऊक असते; म्हणून एककाच्या घरात २ आणि ७ दिसताच ते ७ मधून २ काढून ५ लिहिते आणि दशकाच्या घरात ५ मधून २ काढून ३ लिहिते. त्याने नियम पाळलेला आहे, फक्त तो नियम इथे लागू पडत नाही. अशा वेळी 'शेजारून एक उसना घे' असे सांगून गणित पुरे करून घेतले तर उत्तर २५ येते खरे, पण उसने घेतलेला एक हा प्रत्यक्षात दहा का होतो, हे मुलाला उमगलेले नसते आणि पुढच्या गणितात ते पुन्हा जुन्याच वाटेने जाते.

वर्गात यासाठी काड्यांचे गठ्ठे वापरतात आणि घरीही तेच करावे. दहा-दहा काड्यांना रबर लावून पाच गठ्ठे करावेत, दोन काड्या सुट्या ठेवाव्यात आणि मुलाकडे सत्तावीस काड्या मागाव्यात. सात सुट्या काड्या द्यायला हातात दोनच आहेत हे दिसले की मूल थोडा वेळ घुटमळते आणि मग बहुधा स्वतःच एका गठ्ठ्याचे रबर काढते. आता सुट्या काड्या बारा होतात. त्यांतून सात गेल्या, पाच उरल्या. गठ्ठे चार राहिले होते, त्यांतून दोन गेले, दोन उरले. मुलाने रबर स्वतः काढले पाहिजे, हे महत्त्वाचे आहे. मोठ्या माणसाने हात पुढे करून गठ्ठा सोडून दिला तर सारा खटाटोप वाया जातो. काड्या नसतील तर दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी चालतात, मात्र नोट मोडून सुटे घेण्याचे काम मुलानेच करावे.

संख्या लिहिण्यातील चुकांची तऱ्हा वेगळी आहे. पंचवीस म्हटल्यावर कानावर आधी पाच येतो, म्हणून मूल आधी ५ लिहिते आणि नंतर २. एकोणतीस ऐकल्यावर त्यातील तीस तेवढा लक्षात राहतो आणि वहीत ३९ उमटतात. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात प्रचलित संख्यानामांसोबत 'वीस एक, वीस दोन' असे वाचनही आले, तेव्हा राज्यभर बरीच टीका झाली आणि थट्टाही झाली. जुनी संख्यानामे टिकावीत असेच माझेही मत आहे, परंतु ज्या अडचणीवर तो उपाय सुचवला होता, ती अडचण खरी आहे आणि मुलाला हसून ती सुटत नाही. दोष नेमका कुठे आहे हे ओळखण्यासाठी २५, ५२, २९ आणि ३९ या संख्या आधी तोंडी सांगून लिहून घ्याव्यात आणि मग लिहिलेल्या दाखवून वाचून घ्याव्यात. त्यानंतर याच संख्या गठ्ठ्यांनी मांडायला लावाव्यात. लिहिलेली संख्या पाहून मूल गठ्ठे बरोबर मांडत असेल आणि केवळ ऐकून लिहिताना चुकत असेल, तर त्याला दशक-एकक समजले आहे, फक्त नावे पक्की झालेली नाहीत. ती रोजच्या बोलण्यातून होतात. गठ्ठे मांडतानाही चुकत असेल, तर मात्र काड्यांपासूनच पुन्हा सुरुवात करावी.

पाठ झालेला धडा वाचलेला समजणे

पहिलीतील मूल पुस्तक उघडून बोट फिरवत धडा घडाघडा म्हणते, तेव्हा घरात कौतुक होते. ते मूल वाचत आहे की पाठ म्हणत आहे, हे ओळखणे सोपे आहे. चित्र हाताने झाकावे आणि ओळीच्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारावे, किंवा धड्यातीलच पाच-सहा शब्द कागदावर वेगळ्या क्रमाने लिहून द्यावेत. मूल अडले तर रागावण्याचे कारण नाही, कारण पाठांतर ही वाचनाच्या अलीकडची स्वाभाविक पायरी आहे. पुष्कळ पालक यावर संपूर्ण मुळाक्षरे पुन्हा गिरवायला लावतात. त्याऐवजी कोणती अक्षरे अडतात ते पाहावे. ती बहुधा जोडीने सापडतात: घ आणि ध, भ आणि म, प आणि ष. जी जोडी अडते, तेवढीच घेऊन तिचे शब्द आठवडाभर समोर ठेवावेत.

दुसरी चूक वेळ लावून वाचून घेण्याची आहे. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, असे उद्दिष्ट आहे. हा आकडा पालकांपर्यंत पोहोचला, 'समजून' हा शब्द मात्र वाटेत गळाला, आणि मोबाइलवर वेळ लावून मुलांना पळवणे सुरू झाले. घाईने वाचणारे मूल शब्दाचे पहिले अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजाने म्हणते, आणि एकदा लागलेली ही सवय सुटायला फार वेळ घेते. रोज दहा-पंधरा मिनिटे सावकाश वाचन पुरेसे आहे. मूल अडले तर मनात पाच अंक मोजेपर्यंत थांबावे, वाक्य पुरे होऊ द्यावे, आणि मगच चुकलेल्या शब्दाकडे परत न्यावे.

वाचनासाठी नवी पुस्तके आणलीच पाहिजेत असेही नाही. शहर बसच्या पाट्यांवर पंचवटी, नाशिकरोड, त्र्यंबकेश्वर ही नावे असतात. त्यांतील शेवटचे नाव जोडाक्षरांच्या दृष्टीने चांगलेच अवघड आहे, तरी नाशिकचे मूल ते शाळेत जोडाक्षरे शिकण्याआधीच ओळखते. ही ओळख अर्थातच चित्र ओळखल्यासारखी असते. जोडाक्षरे सुरू झाली की तेच नाव कागदावर लिहून त्र्यं आणि श्व यांची फोड करून दाखवावी. ओळखीच्या शब्दाची फोड मुलांना लवकर कळते.

प्रकल्प कोणाचा?

'आपल्या घरी पाणी कोठून येते' असा प्रकल्प दिला की संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानात गर्दी होते. आई सुबक अक्षरात मथळा लिहिते, बाबा धरणाचे रंगीत चित्र छापून आणतात आणि मुलाच्या वाट्याला डिंक लावण्याचे काम येते. प्रकल्प वर्गाच्या भिंतीवर शोभून दिसतो, पण मुलाला त्याबद्दल दोन प्रश्न विचारले तर ते गप्प होते. वास्तविक या विषयात मुलाला करण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्या नळाला पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते, याची आठवडाभर नोंद ठेवावी, ते कोणत्या जलकुंभातून येते हे शेजारी विचारावे, आणि त्याच्याही मागे जलशुद्धीकरण केंद्र आणि गोदावरीवरील गंगापूर धरण आहे हे नकाशावर बोटाने शोधावे. वेडीवाकडी चित्रे आणि अशुद्ध लेखन असलेला असा कागद शिक्षकाला छापील चित्रापेक्षा कितीतरी जास्त सांगतो. पालकांनी सोबत जावे, कात्री सांभाळावी आणि लेखणी मात्र मुलाच्या हाती राहू द्यावी. देखाव्याच्या प्रकल्पांना अधिक गुण देण्याची सवय काही शाळांनाही आहे, हे मान्य केले पाहिजे. पालकसभेत हा विषय काढण्यात काही गैर नाही.

'आज नुसते खेळलो'

वर्गात दुकान मांडणे, चिठ्ठ्या उचलून शब्द जुळवणे, गोलात बसून गोष्ट पुढे नेणे, टाळ्यांवर पाढे म्हणणे अशा कृती चालतात आणि त्या दिवशी वही कोरी राहते. मूल घरी येऊन 'आज नुसते खेळलो' असे सांगते आणि पालकांचा समज होतो की शाळेत शिकवत नाहीत. 'आज काय शिकवले?' या प्रश्नाला सहा-सात वर्षांच्या मुलाकडे सहसा उत्तर नसते. 'तो खेळ आम्हाला खेळून दाखव' असे म्हटल्यास मूल आजी-आजोबांना समोर बसवते, नियम समजावते, त्यांच्या चुका काढते, आणि वर्गात काय शिकवले ते आपोआप समोर येते.

दुकानाचा खेळ पुढे न्यायला गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार उत्तम आहे. पाव किलो म्हणजे २५० ग्रॅम, अर्धा किलो म्हणजे ५००, पन्नासची नोट दिल्यावर परत किती यायला हवेत, हे मुलाने पाहावे आणि एखाद्या वेळी पैसे स्वतः द्यावेत. भाजीवाल्या मावशींसमोर उभे करून मुलाची तोंडी परीक्षा घेऊ नये. मागे लोक खोळंबलेले असतात आणि मुलाला लाज वाटते.

घरची बोली बंद करणे

सिडको परिसरात खानदेशातून आलेली अनेक कुटुंबे आहेत आणि त्यांच्या घरांत अहिराणी बोलली जाते. मूल वहीत 'मला' ऐवजी 'माले' लिहू लागले की घरात अहिराणी बोलायचीच नाही, असा दंडक घातला जातो. सुरगाणा, पेठ भागांतून आलेल्या कोकणी (कोकणा आदिवासींची बोली) बोलणाऱ्या कुटुंबांतही हेच घडते. त्यामुळे प्रमाण मराठी लवकर येत नाही, उलट मुलाचे एकूण बोलणेच कमी होते. आजीने अहिराणीत सांगितलेली गोष्ट मुलाने शाळेच्या मराठीत आईला सांगावी, असा क्रम ठेवला तर दोन्ही भाषा टिकतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा शिक्षणाचे माध्यम असावी, असे म्हटले आहे.

गैरहजेरी

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीपासून काढणीपर्यंत अनेक मजूर कुटुंबे मुलांसह मुक्कामाला येतात. अशा वेळी मुलाला महिनोन्महिने घरी ठेवू नये. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे जवळच्या शाळेत प्रवेश मिळतो आणि दाखला यायला उशीर झाला, या कारणाने तो नाकारता येत नाही.

तरीही अडत असेल तर

फळ्यावरून उतरवताना मूल चुकते, पण पुस्तकातून उतरवताना चुकत नाही, असे दिसले तर आधी डोळे तपासावेत. श्रुतलेखनात चुका पुष्कळ आणि पाहून लिहिण्यात जवळजवळ नाहीत, असे असेल तर कानही तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी व अनुदानित शाळांत येऊन मुलांची तपासणी करते, त्या दिवशी मुलाला शाळेत अवश्य पाठवावे आणि पथकाने काही लिहून दिले असल्यास ते विचारून घ्यावे.

शिकवणी लावणे हा पहिला उपाय नसावा, कारण बहुतेक शिकवण्यांत शाळेचाच गृहपाठ पुरा करून घेतात. त्याआधी वर्गशिक्षकांना भेटावे. 'अभ्यासात कसा आहे?' असे विचारल्यास 'ठीक आहे, लक्ष द्या' एवढेच उत्तर मिळते. 'वजाबाकीत हातचा येतो तिथे अडतो का?' असे विचारल्यास शिक्षकही वही उघडून दाखवतात. श्रेणीपेक्षा प्रगतिपुस्तकातील वर्णनात्मक नोंदी अधिक नीट वाचाव्यात. मारून अभ्यास करून घ्या, असे शिक्षकांना सांगणारे पालक अजूनही भेटतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे, आणि पालकाच्या संमतीने ती मनाई उठत नाही.

पहिलीतील मुलाने एखादे अक्षर उलटे काढणे ही काळजीची गोष्ट नाही. परंतु तिसरी संपत आली, नजर आणि श्रवण चांगले आहे, घरी आणि शाळेत नियमित मदत मिळते आहे, आणि तरीही वाचन-लेखन पुढे सरकत नाही, अशी स्थिती असेल तर मुख्याध्यापकांशी बोलून तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील अडचणीचा) समावेश दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये आहे, आणि निदान झाल्यास मुलाला परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळू शकतात. तपासणीला जाताना मुलाच्या जुन्या वह्या, चुका न पुसलेल्या स्थितीत, सोबत न्याव्यात.